चाखणकराची आमटी

फार फार जुनी गोष्ट. मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून कान टवकारणाऱ्या मोठ्या माणसांनो, नीट ऐका. गोष्ट खाण्याची आहे, आणि खाताना लक्ष नसलं की ठसका लागतो.

एका राज्यात एक राजा होता. कोठारं भरलेली होती, शत्रू लांब होते, तरी राजाला एक भीती होती. आपल्या जेवणात कुणीतरी विष कालवेल, असं त्याला रोज वाटायचं. म्हणून त्याने एक माणूस चाकरीला ठेवला होता. ताटातला प्रत्येक पदार्थ आधी त्या माणसाने खायचा. मग सगळ्यांनी त्याच्या तोंडाकडे बघत थांबायचं. बराच वेळ झाला तरी माणूस धडधाकट उभा असला, तर ताट राजापुढे जायचं. त्या माणसाला लोक चाखणकर म्हणत.

चाकरी पक्की होती. दर महिन्याला कोठारातून शिधा घरी यायचा, सणाला कपडे, थंडीत घोंगडी. गावातले लोक हेव्याने म्हणत, "काय नशीब काढलंय! फुकटचं श्रीखंड खातो आणि वर पगार घेतो."

पण चाखणकराचं दुखणं चाखणकरालाच ठाऊक. श्रीखंडाचं बोट, पुरीचा तुकडा, आमटीचा घोट, झालं त्याचं जेवण. घास गिळला की डोळे मिटून उभं राहायचं आणि पोटात काही होतंय का ते बघायचं. ही सवय अंगात इतकी मुरली, की घरी स्वतःच्या ताटावर बसला तरी पहिल्या घासाला त्याचे डोळे आपोआप मिटायचे आणि भूक निघून जायची.

आणखी एक गोष्ट त्याच्या मनाला लागायची. त्याची जीभ फार तल्लख होती. हिंग किती पडला, फोडणी कुठे करपली, सगळं त्याला एका घोटात कळायचं. पण ते त्याला कधी कुणी विचारलंच नाही. मुदपाकखान्यातले आचारी एवढंच विचारायचे, "जिवंत आहेस ना? मग ने ताट."

एके दिवशी त्याला राहवलं नाही. आमटीचा घोट घेतल्यावर तो म्हणाला, "जरा गूळ हवा होता."

मुख्य आचाऱ्याने हातातला झारा खाली ठेवला. "अरे, तुझं काम मरायचं! चव सांगायला तुला कुणी ठेवलंय?"

सगळे आचारी खदाखदा हसले. चाखणकर मात्र मान खाली घालून घरी आला.

बायको भाकऱ्या थापत होती. त्याने घडलेलं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मग एकदा तुमच्या जिभेला पटेल अशी आमटी तुम्हीच करून दाखवा की."

त्याने तूरडाळ शिजत घातली. चिंच कोळली, गूळ फोडला, खोबरं भाजलं, हिंगाची खमंग फोडणी दिली. घरभर असा वास सुटला, की शेजारीण मीठ मागायच्या निमित्ताने तीनदा येऊन गेली. बायको एक वाटी प्यायली, दुसरी प्यायली, आणि तिसरी बोटाने निपटून काढत म्हणाली, "ही आमटी चार लोकांच्या तोंडी लागलीच पाहिजे."

चाखणकराच्या अंगात वीज खेळली. "अगं, बाजाराच्या वाटेवर, जोडचिंचांखाली मांडू या? मी आमटी, तू भाकरी!"

"मांडू या!" असं म्हणून बायकोने पिठाचे हात तसेच वर केले. दोघं लहान मुलांसारखी हसत सुटली.

दुसऱ्या दिवशी चाखणकराने चाखायचा चांदीचा चमचा राजापुढे ठेवला आणि आमटीचा बेत सांगितला. राजाला नवल वाटलं. तो म्हणाला, "एकेक घास खायचा पगार मिळतो, तो सोडून तू चुलीपुढे धूर खाणार? बरं, जा. येत्या पौर्णिमेपर्यंत तुझी जागा मोकळी ठेवतो. त्यानंतर मात्र आलास तर दार बंद."

गावात जो तो सांगायला लागला, "हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नये, बाबा!" चाखणकराला ऐकायला वेळ कुठे होता! त्याने जोडचिंचांखाली छप्पर घातलं, चूल मांडली, घरातलं सगळ्यात मोठं पातेलं घासून चंद्रासारखं लखलखीत केलं. चालताना त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

बाजाराचा दिवस उजाडला. आमटी रटरटायला लागली आणि तिचा वास रस्त्यावर जाऊन उभा राहिला. पहिल्याच बैलगाडीच्या गाडीवानाने बैल थांबवले. त्याच्यामागे आणखी गाड्या थांबल्या. "वास तर झकास सुटलाय! वाढा बिगीबिगी!" म्हणत सगळे पंगत धरून बसले.

चाखणकराने पहिलं ताट वाढलं. भाकरी ठेवली, आमटीची वाटी भरली, ताट उचललं, आणि नेमकी इथे माशी शिंकली. इतक्या वर्षांची सवय! त्याने त्या वाटीत भाकरीचा तुकडा बुडवला, स्वतःच्या तोंडात घातला, आणि डोळे मिटून उभा राहिला.

पंगत बघत राहिली. बैलसुद्धा रवंथ थांबवून बघायला लागले.

बऱ्याच वेळाने चाखणकराने डोळे उघडले, ताट गाडीवानापुढे ठेवलं आणि प्रेमाने म्हणाला, "घ्या. आता बिनधास्त खा."

"आता म्हंजे?" गाडीवान म्हणाला. "मघाशी काय करत हुतास?"

"पोटात काही होतंय का, ते बघत होतो."

गाडीवान ताडकन उठला. "उष्टं ताट वाढतोस, आन वर इख बी असंल म्हंतोस? चला रं!" पंगत उठली, गाड्या निघाल्या, आणि संध्याकाळच्या आत सगळ्या बाजाराला कळलं, की जोडचिंचांखालचा माणूस स्वतःची आमटी स्वतःच भीत भीत खातो. राजाला उष्टं चालतं, कारण त्याला जिवाची भीती असते. गाडीवानाला कसली भीती? त्याला त्याचं ताट स्वच्छ हवं असतं.

बायको रागावली नाही. तिने फक्त पळी हातात घेतली. दुसऱ्या दिवसापासून चाखणकराचा हात गिऱ्हाइकाच्या ताटाकडे वळला, की हातावर पळी बसायची. हात सुजला, सवय काही सुटेना. पळीच्या धाकाने त्याने आमटीची चव बघणंही सोडून दिलं. चुकून कुणी अनोळखी वाटसरू आलाच, तर चाखणकर त्याच्यासमोर उभा राहून त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचा, हा पडतो की काय म्हणून. असं कुणी बघत असताना घास कुणाच्या घशाखाली उतरेल? वाटसरू अर्धी भाकरी टाकून पळायचे.

दिवसामागून दिवस गेले. पीठ संपत आलं, डाळ तळाला गेली. गावातले लोक जाता-येता म्हणू लागले, "तेल गेलं, तूप गेलं, हाती राहिलं धुपाटणं."

पौर्णिमा दुसऱ्या दिवसावर आली. भर दुपारी राजाचा हुजऱ्या जोडचिंचांखाली येऊन उभा राहिला. त्याच्या हातात तोच चांदीचा चमचा होता.

"महाराजांनी विचारलंय, येतोस का?" हुजऱ्या म्हणाला. "तुझ्यामागे कुणी चाखायला तयार नाही. दोन-दोन आचारी एकमेकांकडे बोट दाखवत बसतात आणि ताटं थंड होतात. उद्यानंतर मात्र जागा दुसऱ्याला जाईल."

चाखणकराने चमच्याकडे बघितलं. मग गिऱ्हाइकाविना भरलेल्या पातेल्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हात चमच्याकडे वळला.

बायकोने त्याच्यापुढे ताट ठेवलं. ती म्हणाली, "आज तरी पोटभर जेवा हो. उद्यापासून पुन्हा एकेकच घास आहे."

ते शब्द चाखणकराच्या काळजाला भिडले. तो मांडी घालून खाली बसला. त्याने भाकरी कुस्करली, वर गरमागरम आमटी ओतली आणि पहिला घास घेतला. मग दुसरा. मग तिसरा. मग वाटी तोंडाला लावून असा भुरका मारला, की चिंचेवरची पाखरं उडाली.

आणि अहो, गंमत बघा. आज त्याचे डोळे मिटलेच नाहीत! पोटात काही होतंय का, हे बघायचं तो साफ विसरला. कपाळावर घाम, नाकाला पाणी, मिश्या आमटीने माखलेल्या. "अगं, वाढ! आणखी वाढ!" तो ओरडत होता आणि बायको हसत, रडत वाढत होती.

रस्त्याने एक म्हातारी धनगरीण मेंढरं घेऊन चालली होती. ती थबकली. "आरं बाबा, इतकं मन लावून जेवताना म्या कुनाला बगितलं न्हाई. मलाबी वाढ की त्यातलं."

चाखणकर उठला. त्याने ताट वाढलं. हात वाटीकडे निघालाच होता. बायकोने पळी उचलली. पण हात मध्येच थांबला. चाखणकर स्वतःशीच हसला, त्याने भरलेली वाटी तशीच म्हातारीपुढे ठेवली आणि समोर आपल्या ताटावर जाऊन बसला. पातेलं एक, वाट्या दोन. दोघं जेवू लागली.

थोड्या वेळाने त्याने विचारलं. आजवर हे कुणी त्याला विचारलं नव्हतं आणि त्यानेही कुणाला विचारलं नव्हतं.

"आजी, कशी झालीय?"

म्हातारीने जीभ टाळ्याला लावून विचार केला. "ब्येस हाय. पर गूळ कमी पडलाय बग."

चाखणकर उडालाच! "गूळ! अगं ऐकलंस का? गूळ कमी पडला म्हणतात!" तो आनंदाने नाचायचाच बाकी होता. बायकोने गुळाचा खडा टाकला, पातेलं ढवळलं, म्हातारीला पुन्हा वाढलं. तिने भुरका मारला आणि मान डोलावली.

एकाच पातेल्यातलं दोघांना जेवताना बघून दोन गाड्या थांबल्या. पहिल्या दिवशी उठून गेलेला गाडीवानही त्यात होता. मिश्या पुसणाऱ्या चाखणकराला बघून तो म्हणाला, "आज सोताच्या ताटात जेवतोयस व्हय? मग आमाला बी बसू दे." पंगत बसली. चाखणकर त्यांच्यातच बसून जेवला, प्रत्येकाला "कशी झालीय?" विचारत राहिला. कुणी तिखट मागितलं, कुणी चिंच, कुणी नुसताच हात वर करून "आणखी!" म्हणाला. हुजऱ्यानेही मग चमचा कमरेला खोचला आणि पंगतीत जागा करून घेतली.

पातेलं रिकामं झालं, तेव्हा हुजऱ्याने ढेकर देऊन विचारलं, "मग महाराजांना काय सांगू?"

"चमचा परत दे त्यांना," चाखणकर म्हणाला. "म्हणावं, मला आता वाटी लागते."

हुजऱ्या राजवाड्यात पोचला, तेव्हा राजा संतापला होता. "कुठे होतास इतका वेळ?"

"आमटी जेवत होतो, महाराज. गरम होती."

राजाने भुवया वर केल्या. "गरम? आमटी गरम असते?"

बिचारा राजा! जन्मभर त्याच्या ताटाने दुसऱ्याच्या मरणाची वाट बघितली होती. त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर प्रत्येक पदार्थ निवून गार झालेला असायचा.

दुसऱ्या दिवशी, ऐन पौर्णिमेला, राजा स्वतः जोडचिंचांखाली येऊन बसला. वाटीतून वाफा निघत होत्या. राजाने सवयीने वाटी चाखणकरापुढे सरकवली. "चाख."

"महाराज, ती चाकरी सुटली," चाखणकर हात जोडून म्हणाला. "पण मी तुमच्या शेजारी बसून जेवतो. पातेलं तेच, वाटी आपापली." आणि त्याने भुरका मारला.

राजाने धीर केला, वाटी तोंडाला लावली, आणि केवढ्यांदा ओरडला! शिपायांचे हात तलवारींवर गेले.

"थांबा रे!" राजा डोळे पुसत हसत होता. "भाजलं! अरे, आमटी भाजते!" त्याने फुंकर मारून पुन्हा घोट घेतला, आणि मग वाटी खाली ठेवायला तयारच होईना.

"महाराज, कशी झालीय?"

राजाने आणखी एक घोट घेतला. आपल्यालाही आजवर हे कुणी विचारलं नव्हतं, हे त्याच्या ध्यानात आलं. तो हळूच म्हणाला, "मीठ चिमूटभर चालेल." चाखणकराने मीठ वाढलं.

निघताना राजाने विचारलं, "तुझ्या जागेवर आता कुणाला नेमू?"

"ज्याने शिजवलं, त्याला," चाखणकर म्हणाला. "आधी त्याने वाटीभर जेवावं."

त्या दिवसापासून मुख्य आचारी राजाच्या आधी स्वतःची आमटी वाटीभर जेवू लागला, आणि काय चमत्कार, आठवडा संपायच्या आत तिच्यात गूळ पडायला लागला. इकडे जोडचिंचांखाली छपराला छप्पर लागलं, पातेल्याशेजारी पातेलं आलं. बाजारच्या दिवशी तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला आधी भुरके ऐकू येत आणि मग एक आवाज, "कशी झालीय हो?"

तात्पर्य: चाकरी एका दिवसात सोडता येते, पण चाकरीची सवय सुटते, तेव्हाच धंदा आपला होतो.