बाभळीवरचे तीन जोड मोजे

एक डोंगर, त्याच्या पलीकडे दुसरा डोंगर आणि सगळ्यांच्या पलीकडे निळा निळा समुद्र. तिथपर्यंत मेंढरांच्या मागून चालत जाणारी एक चिमुरडी मुलगी होती. नाव तिचं बनू. दिवाळी सरली, की तिचे आई-आबा घोड्यावर बिऱ्हाड लादायचे आणि आठ महिने चालायचे. मागच्या वर्षी मात्र चौथ्याच मुक्कामाला बनूच्या टाचांना टपोरे फोड आले. बाजारचे रबरी बूट, आत उघडे पाय, दुसरं काय होणार! रडून रडून तिनं रान डोक्यावर घेतलं होतं. म्हणून यंदा आबा म्हणाले, "बने, उद्या आम्ही निघतो. तू मावशीपाशी राहा. पाय टिकले असते, तर नेलं असतं गं तुला."

आठ महिने आईशिवाय!

डोळे पुसत ती कोकरांना घेऊन ओढ्यावर गेली. तिथं बघते तर काय, इवलीशी गुंजी लंगडत होती. खुराला दगड लागला होता बिचारीच्या. बूट घासू नये म्हणून बनूच्या टाचेला एक मऊ चिंधी गुंडाळलेली होती, तेवढीच काय ती. तिनं ती सोडली आणि गुंजीच्या पायाला बांधली. "आता नाही हं दुखायचं, सोनुले."

तोच बाभळीची पिवळी फुलं थरथरली आणि त्यांतून अंगठ्याएवढी परी खाली उतरली. लोकरीचा पांढराशुभ्र झगा, झग्यावर दवाचे मणी, आणि पंख कधी गुलाबी, तर कधी निळे!

"मी लोकरपरी," ती म्हणाली. "काट्यांना अडकलेली लोकर वेचते आणि मोजे विणते. तुला काय हवंय, बाळ?"

"फोड न येणारे पाय," बनू म्हणाली.

परी हसली. काट्यांवर तीन जोड मोजे झुलू लागले. एक सोनेरी, झगमग झगमग. एक गुबगुबीत, लालचुटुक. आणि एक राखाडी, पातळसा. "नियम ऐक हं. एका मुलीला एकच जोड. निवडण्याआधी पायात घालायचा नाही. ज्या पायात पहिल्यांदा जाईल, त्याच पायाचा तो होईल. आणि ऊन डोंगराआड जायच्या आत सांगायचं."

बनूचा हात आधी सोनेरी जोडाकडेच गेला, खोटं कशाला बोला! पण ती धनगराची पोर. लोकर हातात आली, की ती आधी उलटी करून बघायची. सोनेरी मोजा उलटा केला, तर आत गाठीच गाठी. या टाचेला टोचणार! मग तिनं तिन्ही जोड ओढ्यात बुडवले, पिळले आणि खडकावर वाळत घातले. लाल मोजा पाण्यानं असा जड झाला, की दोन्ही हातांनी उचलावा लागला. राखाडी मोजा मात्र कोकरं पाणी पिईपर्यंत वाळलासुद्धा. बोटांपाशी शिवण नव्हती, टाचेला दुहेरी वीण होती, आणि ताणून ताणून पाहिला तरी एक धागा हलेना.

"हाच!" बनू म्हणाली, आणि उड्या मारत घरी पळाली.

घरी आई चुलीपाशी बसून टाचांच्या भेगांत गरम मेण भरत होती. तिनं डोळे गच्च मिटले होते. भेगांतून रक्त आलं होतं. आणि ही आई उद्यापासून आठ महिने चालणार होती! बनूला फार वाईट वाटलं. तिनं मोजे एकदा छातीशी धरले. मग आईचे डोळे उघडायच्या आत तिच्या पायांत सरकवले. मोजे ताणले आणि आईच्या मापाचे झाले.

"अगं बया! कुठून आणलेस गं?" आई म्हणाली. "आणि तुला?"

"मी काय, मावशीकडंच तर राहणार," बनू म्हणाली आणि पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर जाऊन हुंदके देऊन रडली.

सकाळी घोडा लादून झाला. ओढ्यावर पाणी पीत असलेल्या गुंजीचा निरोप घ्यायला बनू बाभळीपाशी गेली, तर फुलांत परी बसलेली!

"ये, तुझा जोड घे."

"पण एका मुलीला एकच ना?"

"तो आईचा झाला, बाळ. तुझा अजून घ्यायचा राहिलाय. नियम म्हणजे नियम!"

पुन्हा तिन्ही जोड झुलू लागले. बनूनं राखाडीच घेतला. तरी आधी उलटा करून शिवण पाहिलीच! परी खुदकन हसली, हसता हसता तिचा सोनेरी उजेड झाला, आणि तो उजेड साऱ्या बाभळीवर पसरला.

आबांनी मोजे चाचपले आणि बनूची काठी तिच्या हातात दिली.

चौथ्या मुक्कामाला आईनं घाईघाईनं बनूचे मोजे काढले. टाचा लोण्यासारख्या मऊ होत्या, फोडाचं नावसुद्धा नव्हतं. "आता तुझे दाखव," बनू म्हणाली.

दोघी पाय पसरून बसल्या आणि समोर, अजून खूप लांब, समुद्र चमकत होता.