राघूंचा नैवेद्य

“मग पाप कुणाच्या माथी, महाराज?”

उद्धवगिरी महाराज ओसरीवर पाय पसरून हरभऱ्याचे घाटे सोलत बसले होते. सोललेले दाणे टोपलीत पडायला हवेत, ते सरळ महाराजांच्या तोंडात जात होते.

“कसलं पाप?”

“केशव गेला.”

“कोण केशव?”

विचारणारा त्र्यंबकशास्त्री तोंड फिरवून डोळे पुसायला लागला. तेव्हा मीच सांगितलं, “राघूचं थोरलं पिल्लू, महाराज. आज सकाळी मान टाकली त्यानं.”

महाराज चावायचे थांबले.

झालं होतं असं. होळीच्या आधी एकदा जोराची वावटळ सुटली आणि मठामागच्या म्हाताऱ्या शिरसाची फांदी कडाडकन खाली आली. फांदीत राघूंची ढोली, ढोलीत तीन पिल्लं. अंगावर पिसं कसली, नुसते काट्यांसारखे कोंब. टोपलीत घालून ती परत झाडाला टांगून पाहिली. आईबाप लांबूनच केकाटत राहिले, जवळ काही आले नाहीत.

तेव्हा त्र्यंबक पुढे झाला. “मी वाढवतो,” म्हणाला.

हा त्र्यंबक पैठणच्या पाठशाळेतून शिकून आलेला. पाठांतर असं चोख, की झोपेतून उठवून विचारा, अध्याय धडाधड म्हणेल. आणि सोवळं त्याहून कडक. मठाची चूल ओवळी, मठाचा माठ ओवळा, मठातली माणसं तर विचारूच नका. मी चुलीपाशी असतो. माझ्या हातचं तो पाणी पीत नसे. राग यायचा मला. खोटं कशाला बोलू?

पण पिल्लांवर जीव होता त्याचा, हेही खरं. संध्येतली पहिली तीन नावं त्यानं त्यांना ठेवली होती. केशव, नारायण, माधव. थंडी वाजू नये म्हणून स्वतःचं धाबळीचं आसन फाडून त्यांच्या टोपलीत अंथरलं होतं. सोवळ्याचं आसन फाडणारा माणूस वाईट कसा म्हणायचा?

तर असा तो त्र्यंबक. ओलं धोतर तसंच अंगावर, शेंडी सुटलेली. क्षणात उभा राही, क्षणात बसे. टोपलीपाशी जाऊन डोकावे, परत येई.

“खात नव्हता का तो?” महाराजांनी विचारलं.

“तिघंही खात नव्हती. पहिल्यांदा खाल्लं, मग बंदच केलं. पळी जवळ नेली की मान फिरवतात.”

“मग?”

“मग... चोच उघडून घातलं.”

“कशानं उघडलीस?”

“दर्भाच्या काडीनं.”

“अरे वा! म्हणजे शास्त्राला धरूनच गेला म्हणायचा.”

मला हसू आलं नाही. त्र्यंबकचा तर चेहरा उतरला.

“थट्टा करू नका, महाराज. घास त्याच्या नरड्यात उलटा गेला. माझ्या हातात गेला तो. माझ्या हातात! मला प्रायश्चित्त सांगा. सांगाल तितके उपास करीन.”

“तू कर की. ती दोघं करतायतच.”

...

त्र्यंबक पुन्हा उठला. टोपली उचलून महाराजांपुढे आणून ठेवली. नारायण कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. माधवची मान एका अंगाला कलली होती. हातपाय गळाल्यासारखा पडला होता बिचारा.

“ही दोघंही गेली तर मी इथे राहणार नाही,” त्र्यंबक म्हणाला. “कोणत्या तोंडानं राहू?”

“गाव हसेल म्हणतोस?”

“गावाचं काय घेऊन बसलात? ह्यांना मी ‘वाढवतो’ म्हणालो होतो, महाराज.”

तेव्हा कुठे महाराजांनी घाट्यांची टोपली बाजूला सारली.

“आण इकडे.”

“पिल्लं? ही काय, समोरच...”

“वाटी. ज्यातून भरवतोस ती.”

त्र्यंबक घोटाळला. मग आत देवघरात गेला आणि वाटी घेऊन आला. पितळेची वाटी, बाहेरून सोन्यासारखी लखलखीत. राख आणि चिंच लावून तो ती दोन्ही वेळा अशी घासायचा की बघणाऱ्यालाच दम लागावा. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. आत भिजवून वाटलेली हरभऱ्याची डाळ, पेरूचा गर आणि डाळिंबाचा रस. वर तुळशीचं पान.

“देवाला दाखवलंस?”

“दाखवल्याशिवाय कसं भरवणार? सकाळी वाटतो, देवापुढे ठेवतो. माझी पूजा, आरती, पारायण झालं की मग ह्यांना.”

“तोवर ते देवापुढेच?”

“देवापुढेच. झाकून.”

मी मनात म्हटलं, तुझं पारायण आटपेस्तोवर माणसाचंही आतडं पिळवटेल, पाखराची काय कथा. पण मठात मला विचारतंय कोण!

“चव कशी आहे?” महाराजांनी विचारलं.

“चव?”

“चव रे. तिखट, गोड, आंबट... काहीतरी असेल ना?”

“मी चाखलं नाही.”

“का?”

“महाराज, नैवेद्य दाखवण्याआधी चाखत नाहीत. वासही घेत नाहीत. मी तर वाटताना तोंडाला पंचा बांधतो.”

“शाबास! आणि नैवेद्य झाल्यावर?”

“नंतर ते ह्यांचं पान झालं. मी बोट घातलं तर उष्टं होणार. कोवळी पोरं ती, त्यांना उष्टं कसं भरवू?”

“म्हणजे देवाआधी ते देवाचं, देवानंतर राघूंचं. वाढणारा कुठे आहे मधे?”

त्र्यंबक आपल्या पाठांतरात उत्तर शोधायला लागला.

महाराज म्हणाले, “हे बघ, मला राघूंमधलं ओ का ठो कळत नाही. खाण्यामधलं कळतं.”

आणि त्यांनी वाटीत बोट घातलं, चांगलं बुडवून काढलं आणि तोंडात घातलं.

“अहो, महाराज! ते त्यांचं...”

महाराजांचं तोंड असं वाकडं झालं, की एवढ्या वर्षांत मी ते तसं पाहिलं नव्हतं. ओसरीवरून अंगणात भली मोठी पिंक टाकली. “भिवा! पाणी!” मी तांब्या घेऊन पळालो. त्यांनी चूळ भरली, थुंकली, परत भरली, परत थुंकली.

मग तीच वाटी त्र्यंबकपुढे धरली.

“घे.”

“हे... हे आता आपलं उष्टं झालं.”

“गुरूचं उष्टं म्हणजे प्रसाद, असं परवाच गावाला बजावून सांगत होतास. चांगला तासभर सांगत होतास. घे की!”

त्र्यंबकनं माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. काय करणार मी तरी?

त्यानं करंगळीचं टोक बुडवलं. जिभेला लावलं.

...

लावलं आणि खांब धरून ओकारी काढली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. पंच्यानं जीभ पुसतोय, परत थुंकतोय. तेवढ्यात वर राघूंची जोडी केकाटत एक फेरा मारून गेली. ती रोजच जायची. पण आज तो दचकला.

“कळकलंय...” तो पुटपुटला. “महाराज, हे कळकलंय.”

आता ह्यात न समजण्यासारखं काय आहे? पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली आणि त्यात आंबट राहिलं, की ते कळकतं. विषासारखं कडू होतं. त्र्यंबकनं सोवळ्यापायी घासून घासून वाटीची कल्हई पार खरवडून काढली होती. कडेला हिरवट रेघसुद्धा दिसत होती. अति तेथे माती म्हणतात ते असं.

“मी हे त्यांना घालत होतो,” तो म्हणाला. “चोच उघडून...”

आणि एकदम त्यानं ती वाटी उचलून अंगणात भिरकावली. ठणठणत गेली ती तुळशीपर्यंत.

“हा सगळा दोष त्या वाटीचा!”

“मग जा,” महाराज म्हणाले, “दोन थोबाडीत दे तिच्या.”

त्र्यंबक मटकन खाली बसला. मग लगेच उठला. परसाकडे निघाला.

“आता कुठे?”

“स्नान करतो. थुंकलो, ओकलो, अंग बाटलं. स्नान करून नवं वाटतो, देवाला दाखवतो, आणि मग...”

इथे मात्र माझं डोकं सटकलं. मधे बोलायचं माझं काम नव्हे. पण टोपलीत माधवनं डोळे मिटून घेतले होते.

“अहो शास्त्रीबुवा!” मी ओरडलो. “तुमची आंघोळ होईस्तोवर ह्याला शेवटची आंघोळ घालायची वेळ यायची! चुलीवर डाळ शिजतेय माझी. फोडणी नाही, मीठ नाही. ओवळी तर ओवळी!”

मी थांबलोच नाही. पळीभर डाळ घेतली, पिकली पपई होती तिचा गर कालवला, आणि भांडं शोधायला वेळ कुणाला होता, सकाळी नारळ फोडला होता त्याच्या करवंटीतच ते घोटून बाहेर आणलं. त्याच्यापुढे धरलं.

माझ्या हातचं. माझ्या चुलीवरचं. आणि वर करवंटीतलं.

त्यानं करवंटीकडे पाहिलं. महाराजांकडे पाहिलं. महाराज भिंतीला टेकून बसले होते.

मग त्यानं टोपलीकडे पाहिलं.

करवंटी घेतली. बोट बुडवलं आणि तोंडात घातलं.

“गरम आहे,” तो म्हणाला.

त्यानं फुंकर मारली. सोवळ्यातला माणूस, अन्नावर फुंकर मारत होता! परत चाखलं. परत फुंकलं. मग बोटाच्या टोकावर एवढासा घास घेऊन नारायणच्या चोचीला लावला.

नारायणनं मान फिरवली.

“घे रे बाळा... हे तसलं नाही. घे.”

त्यानं दुसरीकडून बोट नेलं. नारायणनं परत मान फिरवली.

त्र्यंबकचा डावा हात आपोआप कमरेकडे गेला. दर्भाची काडी तिथे खोचलेली होती. पण हात तिथवर जाऊन थांबला. काडी त्यानं काढली, मोडली आणि मागे टाकून दिली.

मग बोट तसंच धरून बसला. हलेना. इतका वेळ जागच्या जागी बसलेला त्र्यंबक मी कधी पाहिला नव्हता.

...

नारायणची जीभ बाहेर आली. काळपट, जाडसर जीभ. घासाला लागली. मागे गेली. परत आली. आणि मग एकाएकी त्याची मान वरखाली हलायला लागली, पिल्लं मागताना हलवतात तशी, आणि त्यानं चोच उघडली.

एक घास. दुसरा घास. तिसऱ्याला तर बोटच गिळतो की काय असं झालं.

त्र्यंबक हसत होता की रडत होता, देव जाणे. मी पंच्यानं डोळे पुसले. माझेच.

“माधव,” तो म्हणाला. “आता माधव.”

माधवला त्यानं डाव्या तळहातावर घेतलं. चोचीला घास लावला. काही नाही. चोचीच्या कडेला हळूच बोटानं चोळलं. काही नाही. डोळे मिटलेले.

“महाराज, हा घेत नाही.”

...

“महाराज, हा जाईल का?”

“मला ठाऊक नाही.”

“गेला तर ते पाप...”

एवढं बोलून त्र्यंबकनं प्रश्न तसाच सोडला. तळहात छातीशी धरला, उघड्या अंगाशी, तिथली ऊब मिळावी म्हणून. करवंटीतलं गार व्हायला लागलं होतं. मी दुसरं आणलं. त्यानं तेही चाखलं, फुंकलं, आणि परत बोट चोचीशी नेलं. घास ओघळून गेला. दुसरा घेतला. तोही ओघळला. माझा जीव टांगणीला लागला होता. ओरडून काही फायदा नव्हता, नाहीतर ओरडलो असतो.

आणि मग तळहातावर काहीतरी हललं.

माधवनं एक डोळा उघडला. कललेली मान वर उचलली. पडली. परत उचलली. घशातून करकर आवाज काढत त्यानं चोच उघडली, अशी सताड, की आतलं लाल नरडं दिसावं.

त्र्यंबकनं घाईनं बोट बुडवायला हात नेला... आणि मधेच अडखळला. जन्माची सवय ती, जाते कुठे? तेच बोट नारायणच्या चोचीत गेलेलं. तेच त्याच्या स्वतःच्या तोंडात गेलेलं. त्यानं बोटाकडे पाहिलं. गुडघ्यावर अर्धवट उठला.

“महाराज, हे बोट उष्टं झालंय. धुऊन येऊ?”

“मला काय विचारतोस? ज्याचं तोंड उघडं आहे, त्याला विचार.”