मास्तरांचा नेमका शब्द

डोंगरापलीकडच्या एका वाडीत त्रिंबक नावाचे मास्तर राहत होते. वाडीची शाळा त्यांनीच तीस वर्षांपूर्वी काढली होती, तीही झाडाखाली, पाच पोरं आणि दोन पाट्या घेऊन. मास्तरांना आपल्या इंग्रजीचा भारी अभिमान. पंचक्रोशीत तेवढं इंग्रजी कोणाला येत नव्हतं, आणि हे ते कोणाला विसरूही देत नसत.

एका उन्हाळ्यात हुकूम आला. पोरं थोडी म्हणून शाळा बंद झाली. दाराला कुलूप लागलं. दुसरी शाळा नदीपलीकडे, तीन कोसांवर. मास्तर तालुक्याला जाऊन शाळाखात्याच्या साहेबाला भेटले. साहेब भला माणूस होता. तो म्हणाला, "अर्ज द्या. दसऱ्याला मी स्वतः येतो. पाच पोरं जरी वाडीत शिकताना दिसली, तरी त्याच दिवशी कुलूप काढतो."

वाडीत तेव्हा चौदा पोरं होती.

त्याच संध्याकाळी शेजारची ठकूबाई आली. ती म्हातारी एकटीच राहायची. "मास्तर, माजी ओसरी मोकळीच हाय. उद्यापासनं पोरं बसवा. अर्ज काय, हुईल मागनं."

"आधी अर्ज, मग शाळा," मास्तर म्हणाले. "अर्ज इंग्रजीत हवा आणि शब्द नेमका हवा. साहेबाला कळू दे, या वाडीत कोण राहतं ते!"

झालं! मास्तर शब्दांचा कीस पाडत बसले. 'स्टार्ट' लिहिलं आणि खोडलं. शाळा काही नव्यानं काढायची नव्हती. 'रीओपन' लिहिलं, तेही खोडलं. पुन्हा उघडणं म्हणे दुकानाला शोभतं. 'रिवाइव्ह' म्हणजे गेलेला जीव परत आणणं. छे, शाळा अजून मेली कुठे होती? मग 'रिकिंडल' सापडलं, विझत आलेला विस्तव पुन्हा पेटवणं. मास्तर खूश झाले. पण साहेबाला तो शब्द समजेल का, या शंकेनं त्यांनी तोही खोडला.

आयाबाया विचारायच्या, "कधी बसवता पोरं?" मास्तर म्हणायचे, "अर्ज होऊ द्या." आषाढात दोन पोरांना बापानं मामाच्या गावी शाळेत घातलं. श्रावणात आणखी तिघं गेली. एका सकाळी ठकूबाई शेजारणीकडून विस्तव मागून आणत होती. खापरी हातात तशीच धरून ती मास्तरांच्या दारात थांबली.

"मास्तर, राखंत निखारा हाय तवरच फुंकर मारायची असती. राख गार झाल्यावर फुकलं, तर ती डोळ्यांत जाती."

मास्तरांना ते पटलं. उद्या ओसरीवर पोरं बसवायची, असं त्यांनी ठरवलंसुद्धा. पण उजाडताच त्यांना एक नवा शब्द आठवला.

फिरून फिरून मास्तर आधी खोडलेल्याच एका शब्दावर आले आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी अर्ज पूर्ण झाला. एकही खाडाखोड नव्हती, अक्षर अगदी मोत्यासारखं. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तसलीच गत. दसऱ्याला वाडीत पाटीपूजन व्हायचं. एकाचे आकडे मांडून पोरं पाटीवर सरस्वती काढायची आणि वर झेंडू वाहायची. मास्तर ओसरीवर पाटी मांडून घरोघर हाका मारत फिरले. म्हातारीकोतारी तेवढी बाहेर आली. बाकीची पोरं भाद्रपदात एकेक करून गेली होती, आणि शेवटची दोन आठच दिवसांपूर्वी. मास्तर तेव्हा अर्जाची स्वच्छ प्रत काढत होते.

साहेब शब्दाला जागून आला. त्यानं उभ्याउभ्याच अर्ज वाचला. "इंग्रजी सुरेख आहे हो. पोरं कुठायत?"

मास्तरांनी जन्मभर शब्द जमवले, पण त्यातला एकही मदतीला आला नाही. साहेब हळहळला आणि निघून गेला. कुलूप तसंच राहिलं.

ठकूबाईनं हळूच विचारलं, "शेवटी कंचा शब्द घातलासा?"

"रिवाइव्ह."

"म्हंजी काय वो?"

"मेलेल्याला उठवणं," मास्तर म्हणाले आणि ओसरीच्या कडेला बसून ढसाढसा रडले. "आता तोच बरोबर आहे, ठकूबाई."

ठकूबाईनं कोरी पाटी उचलून पदरानं पुसली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. त्या ओसरीवर पुन्हा पोर म्हणून बसलं नाही.

तात्पर्य: जे जगवायचं, ते धुगधुगी आहे तोवर हाताशी असेल त्यानिशी जगवायला लागावं, नेमक्या शब्दाची वाट पाहणाऱ्याच्या वाट्याला शेवटी मेल्यानंतरचाच शब्द येतो.