मिस्त्रीला न सापडलेला बिघाड

कऱ्हाडच्या आप्पासाहेब शिंगट्यांचा ट्रक चालता चालता मरायचा. दिवे, हॉर्न, इंजिन सगळं एकदम बंद पडायचं आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू व्हायचं. कुंभार्ली घाटाच्या उतारावर तसं झालं, तेव्हा ड्रायव्हर दौलत जंगमने गाडी डोंगराला घासत कशीबशी थांबवली. तेव्हापासून तो ट्रक घाटात न्यायला तयार नव्हता.

गॅरेजात मात्र ट्रक शहाण्यासारखा वागे. मिस्त्रीला काही सापडेना.

आप्पासाहेब चारचौघांत म्हणाले, "गाडी ठणठणीत आहे. बिघाड तुझ्या डोक्यात आहे. खत घेऊन आत्ताच चिपळूणला नीघ, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

घाटात दाट धुकं होतं. दौलत शांतपणे म्हणाला, "निघतो, आप्पासाहेब. प्रतापदादांना तेवढं सोबत द्या. पुढे धंदा त्यांनाच बघायचाय, घाट तरी ओळखीचा होईल."

"प्रतापला? त्या गाडीत?" आप्पासाहेब ओरडले. "एकुलता एक पोरगा आहे माझा! उतारावर बंद पडली म्हणजे?"

दौलतने हात जोडले. "मिस्त्रीला सापडला नाही तो बिघाड तुम्हाला पोराचं नाव काढताच सापडला, आप्पासाहेब!"

आप्पासाहेबांची मान खाली गेली. मग त्यांनी मिस्त्रीला इंजिन चालू ठेवून एकेक वायर हलवायला लावली. केबिनखाली लोखंडावर घासून सोललेली एक वायर हलली आणि इंजिन बंद पडलं.

दौलतने वाकून ती वायर पाहिली. आप्पासाहेब स्वतः त्याच्यासाठी पाणी घेऊन आले.