येसूच्या गालातला गूळ

पाय आत घ्या. पांघरुणाची ओढाओढ थांबली तरच सांगते, नाहीतर ही मी झोपले बघा.

हं. तर एकदा काय झालं, नदीकाठी उसाचं रान होतं, आणि रानात होतं एक गुऱ्हाळ. तिथं गूळ करायचा हैबती गुळव्या. रस आटवायची त्याची काहील केवढी, तर तुम्ही तिघं आत मांडी घालून बसाल एवढी. खाली चुलाणात जाळाला उसाची चिपाडं सारायची त्याची बायको. आणि त्यांची एकच लेक, येसू. आठ वर्षांची.

त्या गुऱ्हाळाची एक रीत होती बरं का. रस आटत आला की हैबती त्याचा थेंब गार पाण्यात टाकायचा, त्याची गोळी वळायचा आणि येसूच्या जिभेवर ठेवायचा. ती "जमला" म्हणाली की मगच काहील उतरायची. दिवसाला चार काहिली, म्हणजे चार गोळ्या. आणि ही लबाड गोळी चावायचीच नाही. गालात धरून बसायची, पार विरघळेपर्यंत. निजतानाही हैबती लाडानं आणखी एक खडा द्यायचा. तो गालातच ठेवून पोर झोपी जायची. आता हसू नका, परवा चॉकलेट गालात ठेवून कोण झोपलं होतं ते मला ठाऊक आहे.

आणि दुसरी रीत अशी, की काहील चुलाणावर असताना गुळाला वावगं बोलायचं नाही. बोललं तर म्हणे गूळ बिघडतो. आणि हंगामात तर चुलाणावर सदा काहील असायचीच.

येसू शाळेत फार हुशार. पाढे कसे धडाधड म्हणायची. मग त्या वर्षी तिची दाढ ठणकायला लागली. पहिल्या दिवशी तेराचा पाढा एक्याण्णवापाशी अडला, पुढचं काही आठवेना. दुसऱ्या दिवशी ती पाटीवर डोकं ठेवून झोपूनच गेली. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, भाकरी चावता येत नाही, मग काय करील बिचारी? तिसऱ्या दिवशी गुरुजींनी विचारलं तर गालावर हात धरून मुकाट उभी. गुरुजींना वाटलं, पोर हट्टी झाली. ते म्हणाले, "शनिवारी येऊन तुझ्या आबाला सांगतो. तुझं शाळेत लक्ष नाही, घरीच राहा."

 शाळा येसूला जीव की प्राण. पण सांगणार कसं? गुळानं दाढ दुखते म्हटलं आणि खरंच गूळ बिघडला तर? आबाची वर्षाची मेहनत वाया जायची. म्हणून ती चिपाडांच्या ढिगामागं जाऊन रडत बसली.

तिथं मुंग्यांची रांग चालली होती. येसू त्यांना रोज गुळाचा चुरा घालायची, म्हणून त्यांना तिची माया. मग एक मुंगी तिच्या तोंडात शिरली आणि लगेच बाहेर आली. म्हणाली, फार अंधार आहे. दुसरी शिरली, तीही आली. म्हणाली, एक खड्डा आहे, त्यात पडता पडता वाचले. मग शिरली एक म्हातारी मुंगी, पाच पायांची. ती खूप वेळानं आली, बसून पुढच्या पायांनी तोंड स्वच्छ पुसलं आणि म्हणाली, "बाई गं, तुझ्या दाढेत आमची सगळी पिल्लं राहतील एवढं भोक आहे. गूळ आम्हीही खातो, पण खाल्ल्यावर तोंड पुसतो. आबाला सांग."

येसू म्हणाली, काहील चुलाणावर आहे, कशी बोलू? मुंगी म्हणाली, "काहिलीला काय कान असतात?"

तरी येसूनं आबाला सांगितलं नाही. मग उजाडला शनिवार. गुरुजी गुऱ्हाळात आले, तेव्हा रस अगदी उतरायला आला होता. हैबतीनं गोळी वळून पुढं केली. येसूनं ओठ घट्ट मिटले. काहील उतरवायला आलेले गडी थांबले. गुरुजी म्हणाले, बघा, हा असाच हट्ट शाळेत. हैबती चिडला नाही. गोळी बाजूला ठेवून तिच्यापाशी बसला. मग तिचा धीर सुटला.

"आबा, गूळ दुखतो."

सगळे गडी दचकून काहिलीकडं बघायला लागले. हैबतीनं लेकीचं तोंड उजेडात धरून आत पाहिलं, तर दाढेत हे एवढं भोक. रोज पाच वेळा आपणच आपल्या हातानं तिथं गूळ ठेवत होतो, हे त्याला कळलं. त्यानं काहील तशीच टाकली, येसूला खांद्यावर घेतलं आणि बायकोला हाक मारली. तिघं तडक निघाली बाजारगावी, दातांच्या वैदिणीकडं.

वैदिणीनं किडलेला दुधाचा दात हळूच काढला. म्हणाली, दुधाचा आहे, पडेलच, म्हणून दुर्लक्ष करू नये रे. पोरीचं खाणं, झोप, शिकणं, सगळं त्यापायी अडतं.

तिघं परत आली, आणि पाहतात तर काय, गुरुजींनी धोतर खोचून गड्यांबरोबर काहील उतरवलेली. धोतरावर काकवीचे डाग. आणि गूळ? नेहमीसारखाच पिवळाधमक. काही बिघडलं नव्हतं.

गुरुजी येसूपाशी खाली बसले. म्हणाले, "मी तुझी पाटी रोज पाहिली गं. तोंडाकडं एकदाही पाहिलं नाही. सोमवारी ये."

येसू दोन दिवस पोटभर जेवली, पोटभर झोपली. सोमवारी तेराचा पाढा एक्याण्णव ओलांडून सरळ शेवटाला गेला, आणि न विचारता एकोणतिसाचाही म्हणून झाला. गुऱ्हाळात नवी रीत पडली. गोळी खायची, लगेच चूळ भरायची, आणि गालात काही ठेवून निजायचं नाही. गूळ विकला, पोर शिकली, सगळी सुखात राहिली. मुंग्यासुद्धा.

झाली गोष्ट. आता चुळा भरून या तिघंही. आणि बापू, मघापासून तू गाल का धरून बसलायस? ये इकडं, आ कर. दुखतंय ना? मग एवढी गोष्ट संपेपर्यंत गप्प का बसलास रे राजा? उद्या शाळेआधी दवाखान्यात जाऊ, मी येते बरोबर. नीज आता माझ्याजवळ.