आरशातला पोर्च

मिरजेच्या बाळासाहेब इंगवल्यांनी परदेशी स्पोर्ट्स कार घेतली, तर महिन्याभरात समोरच राहणाऱ्या चुलतभावाने, आप्पासाहेबांनी, तीच गाडी उघड्या टपाची आणली. बाळासाहेबांना जेवण गोड लागेना. त्यांनी दस्तगीर मिस्त्रीला बोलावलं.

"दोन्ही चालवून बघ आणि चारचौघांत सांग, भारी कुठली. तुझं गॅरेज माझ्या जागेत आहे, एवढं लक्षात ठेव."

मिस्त्रीने दोन्ही गाड्या बायपासवर पळवून आणल्या. गल्ली जमलीच होती.

"मालक, पळायला दोन्ही सारख्याच. फक्त तुमच्या गाडीत बसल्यावर आधी आरसा फिरवावा लागला."

"का?"

"मागचा रस्ता दिसतच नव्हता. नुसता आप्पासाहेबांचा पोर्च दिसत होता."