येते म्हणायचा आरसा

फार वर्षांपूर्वी, पळसखांब गावात लोक आपलं तोंड पाण्यात बघायचे, तेव्हाची ही गोष्ट. गोंदजी कल्हईवाल्याला जावळ्या मुली झाल्या, भिवरा आणि नीरा. एकीला झाकावी अन् दुसरीला काढावी! फरक काय तो तिळाचा. भिवरेच्या उजव्या गालावर तीळ, नीरेच्या डाव्या. आईसुद्धा तीळ बघून हाक मारायची, असं म्हणतात.

भिवरा गावातच दिली. नीरेला मात्र घाटाखाली दिली, पार समुद्राकाठी. निघताना तिचा ऊर असा भरून आला की तोंडातून भलतंच निघालं. आपल्यात निघणारी बाई ‘येते’ म्हणते ना? ही म्हणाली, “जाते गं, भिवरे.”

बायकांनी तोंडाला पदर लावला. म्हातारी आत्या ओरडली, “अगं, येते म्हण, येते!” पण गाडी वेशीबाहेर पडली होती.

आणि खरंच, नीरा काही आली नाही. एका साली पूर, एका साली बाळंतपण, मग घाटातली वाटच ढासळली. भिवरा येताजाता वेशीकडे बघत राहायची.

एकदा बापाच्या भट्टीवर ती ताटाला कल्हई पुसत होती. ताट लखलखलं अन् ती किंचाळलीच, “बापू, नीरा!”

“येडे, तुझंच तोंड ते.”

“माझा तीळ उजव्या गालावर. हिचा बघा की, डाव्या!”

गोंदजीनं ताट तिच्या तोंडापुढे धरलं, तीळ बघितला आणि ताट तिलाच परत दिलं. भिवरा म्हणाली, “पण ही धुरकट दिसते, बापू. मला तिला नीट बघायचंय.”

झालं, पोरीनं ध्यासच घेतला. लमाणांच्या तांड्याकडून काच मागवली. वैद्याकडून पारा आणला. वैद्य म्हणाला, “बाई, हा विषारी आहे हो, जपून.” पण ऐकते कोण! कल्हईचं कथील घरचंच. ते तिनं कुटून कुटून पिंपळपानाहून पातळ केलं, सपाट दगडावर पसरलं आणि वर पारा ओतला. पारा कथील पिऊ लागला. वर काच ठेवली, तर मधे हवा कोंडली आणि नीरेच्या तोंडावर आंधळा डाग पडला. पुन्हा केलं, पुन्हा डाग. बायका हसायच्या, “भिवरेच्या डोक्यालाच कल्हई करा आता!”

शेवटी तिनं काच वरून ठेवलीच नाही. श्वास रोखून कडेनं हळूच सरकवत नेली, तशी हवा पुढे पळाली. वर धोंडे ठेवले, दगड कलता केला. जास्तीचा पारा टिपटिप गळत राहिला आणि कथील काचेला धरून बसलं. दसऱ्याला धोंडे काढले, तर समोर नीरा!

पण पाऱ्यानं आपलं घेतलंच. भिवरेचे दात हलले, हात थरथरायला लागले. ती आरसा धरायची तेव्हा तिचे हात कापायचे, आतलीचे मात्र नाही, असं म्हणतात. पुढे तिनं तो वेशीजवळच्या देवीच्या देवळात टांगला. रोज जायची, पदरानं पुसायची, म्हणायची, “ये गं बाई आता.” अशीच एक दिवस गेली बिचारी.

आणि मग, दैव बघा, घाटातून नवी वाट झाली आणि एक म्हातारी गावात आली. पोरं बोंबलत पळाली, “भिवराआजी उठून आली!” म्हातारी विचारत सुटली, “माझी भिवरा कुठंय?” एका सुनेनं नुसतं देवळाकडे बोट केलं.

म्हातारी आरशापुढे उभी राहिली. तिच्या डाव्या गालावर तीळ होता. आतलीच्या उजव्या.

“भिवरे,” ती म्हणाली, “आले गं. तेव्हा तोंडातून चुकीचं गेलं बघ.” आणि काचेला गाल लावून हमसाहमशी रडली.

त्या आरशाचा पारा आता उडालाय, धड नाकसुद्धा दिसत नाही. तरी पळसखांबची लेक माहेरी आली की आधी तिथं जाते, काच पुसते, “आले गं” म्हणते. आणि सासरी निघताना चुकून कुणी ‘जाते’ म्हणालीच, तर सगळी वेस ओरडते, “येते म्हण गं, येते!” ती तसं म्हणेपर्यंत एसटीसुद्धा हलत नाही.